मराठवाड्यात मिठाईची शाळा काढायचीय? आधी उस्ताद, मग भट्टी, इमारत सगळ्यात शेवटी

नवरात्र जवळ आलं की आमचा फोन थांबत नाही. केज, अंबाजोगाई, लातूर, परळी, पलीकडं बार्शी, कुठनंही फोन येतात आणि सगळ्यांचं मागणं एकच, "एखादा कारागीर बघा की भाऊ, पगार म्हणल तो देतो." खवा आपला, साखर आपली, गिऱ्हाईक आपलं, आणि भट्टीपुढं बसणारा माणूस तेवढा हजार किलोमीटरवरनं आणायचा. राजस्थान-युपीच्या कारागिरांबद्दल माझी काही तक्रार नाही, निम्मी विद्या आपल्याकडं त्यांनीच आणली, पण तो माणूस होळीला गावाकडं गेला आणि परत आलाच नाही की अर्धं काउंटर रिकामं पडतं हे मी वडिलांच्या दुकानात लहानपणापासनं बघितलंय. आणि त्याच दुकानासमोरनं दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक-ट्रॅक्टर जातात, त्यात अठरा-वीस वर्षांची पोरं-पोरी बसलेली असतात. इकडं हात पाहिजेत, तिकडं हातांना काम पाहिजे, आणि मधे शिकवणारं कुणीच नाही.

म्हणून आम्ही चौघांनी मिळून कळंब भागात वीस जणांच्या बॅचची छोटी शाळा चालू केली, आतापर्यंत चार बॅच बाहेर पडल्या. भूम, माजलगाव, उदगीर इकडनं लोक येऊन विचारतात की आम्हालाही काढायचीय, काय काय लागतं. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय, जे चुकलं तेसुद्धा.

आधी दुकानं फिरा

शाळेचं नाव, लोगो, इमारत यातलं काहीही ठरवायच्या आधी पन्नास-साठ किलोमीटरमधली मिठाईची, फरसाणाची, बेकरीची दुकानं पालथी घाला. तालुक्याच्या गावात दहा-पंधरा तरी निघतात. "कारागीर पाहिजे का" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात आणि वेळ आली की मागं सरतात. विचारायचं असं, की मागच्या दिवाळीत माणूस नाही म्हणून कुठला माल बंद ठेवला? सध्याच्या कारागिराला किती देता, उचल म्हणजे आगाऊ पैसे किती दिले, ते फिटले का? आणि शिकलेला पोरगा दिला तर पहिले तीन महिने काय द्याल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून सही घ्यायची. आम्ही बेचाळीस दुकानं फिरलो, सह्या मिळाल्या चौदा, आणि त्या चौदा जणांच्या जिवावर पहिली बॅच बसवली. वीस विद्यार्थ्यांना किमान पंधरा जागा सहीनिशी हातात नसतील तर बॅच दहाचीच घ्या. पोरं शिकवून परत रिकामी घरी पाठवली तर त्या गावात शाळेचं नाव कायमचं जातं.

या फिरण्यातनं अजून एक कळतं, की काय शिकवायचं. आम्हाला वाटत होतं केक-पेस्ट्रीला मागणी असेल, निघालं भलतंच. दुकानदारांना पाहिजे होते खवा ओळखणारे, पाक जमणारे आणि बेसन नीट भाजणारे. केकवाले मिळतात म्हणाले, कारण आयटीआयला 'बेकर अँड कन्फेक्शनर' असा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण त्याचा भर बेकरीवर. पेढा, गाठी, रेवडी, कळीचे लाडू हे शिकवणारं आमच्या भागात कुणी दिसलं नाही, ते भट्टीशेजारी उभं राहून सात-आठ वर्षं भांडी घासत, बघत बघत उचलायचं. २०२३ साली पीएम विश्वकर्मा योजना आली त्यात सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, फुलांचे हार करणारे असे अठरा धंदे धरले, हलवाई त्या अठरात नाही. म्हणजे आपल्या विद्येची तिथं नोंदच नाही, ती नोंद आपणच करायची.

बाहेरच्या देशात हे झालंय. जर्मनीत सोलिंगेन नावाचं गाव आहे, सुऱ्या-कात्र्यांसाठी जगभर माहीत असलेलं, तिथं १९५१ साली गोळ्या-चॉकलेट-बिस्किटवाल्यांच्या धंद्यासाठी खास शाळा निघाली आणि ती आजही चालू आहे. तिथं धंद्यातले लोकच शाळेच्या पाठीशी उभे राहिले, ही गोष्ट मला आपल्यासाठी फार कामाची वाटते. शाळा सरकार काढेल म्हणून बसलं की बसून राहतो माणूस.

उस्ताद आणि वही

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं हेच शेवटी करतात. शिकवणारा कोण? हॉटेल मॅनेजमेंट केलेला सर मिळतो, तो चांगला बोलतो, पण त्याला चाळीस किलोच्या घाण्याचा अंदाज नसतो. ज्याला अंदाज असतो त्या कारागिराला समजावून सांगता येत नाही, कारण त्याला स्वतःला कुणी समजावून सांगितलेलं नसतं. मग काय करायचं, तर आधी कारागीर शोधायचा, आणि पहिले दोन महिने एकही विद्यार्थी न घेता फक्त त्याच्याजवळ वही, वजनकाटा, घड्याळ आणि थर्मामीटर घेऊन बसायचं.

आमचे मामा, पोरं त्यांना मामाच म्हणतात, तीस-पस्तीस वर्षं बार्शी-सोलापूर-लातूरच्या भट्ट्यांवर काढलेली. पहिल्या दिवशी मी थर्मामीटर काढला तर त्यांना राग आला. म्हणाले, "मीटर काय सांगतंय मला, माझं बोट सांगतंय." मी म्हणलं मामा तुम्ही बोटानंच करा, मी नुसतं लिहितो. ते पाकाचा थेंब पाण्याच्या वाटीत सोडायचे, दोन बोटांत गोळी वळायचे आणि म्हणायचे "आला", की मी मीटर बघायचो. पहिल्या दिवशी ११३ डिग्री. दुसऱ्या दिवशी ११२. आभाळ आलेल्या दिवशी ११४. दहा वेळा लिहिलं आणि दहाच्या दहा वेळा आकडा ११२ ते ११४ च्या मधेच. वही त्यांना दाखवली तेव्हा बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "म्हंजी मी बरोबर हुतो." त्या दिवसापासनं मीटर तेच मागायला लागले. पस्तीस वर्षं या माणसाचं काम कुणी मोजलं नव्हतं, आणि मोजलं तर ते इतकं अचूक निघालं, मला अजून आठवलं की भरून येतं.

असं प्रत्येक पदार्थाचं करायचं. "अंदाजानं टाक" हा शब्द आला की हात धरायचा, त्यांनी मुठीत घेतलेलं परत काट्यावर ठेवायला सांगायचं, लिहायचं. किती किलो साखरेला किती पाणी, आच कधी कमी केली, किती मिनिटांनी. आम्ही अकरा पदार्थ असे लिहिले, त्याला नऊ आठवडे लागले, आणि आज शाळेत सगळ्यात मोलाची वस्तू कुठली म्हणाल तर ती तेल लागलेली, पिवळी पडलेली वही.

काही गोष्टी मात्र आकड्यात येत नाहीत, त्या तशाच शिकवायच्या. खवा आटताना आधी नुसती खदखद असते, मग बुडबुडे जाड होत जातात, चिखलातनं फुटल्यासारखे, मग आवाज बसतो, कडेनं तुपाची बारीक चमक सुटायला लागते आणि गोळा कढई सोडतो. त्या आवाज बसण्याच्या क्षणी आच कमी केली नाही तर खाली लागलंच म्हणून समजा. हे आम्ही पोरांना कढईकडं पाठ करून उभं करून शिकवतो, नुसतं ऐकायचं आणि "आता" म्हणायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी बहुतेकांना जमतं. बेसनाचंही तसंच, कच्चा वास जाऊन खमंग वास कधी आला ते नाकालाच कळतं.

मामांचा पगार दुकानात मिळतो त्यापेक्षा कमी ठेवू नका. आणि त्यांना स्वतःला आधी सर्टिफिकेट मिळवून द्या. आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला द्यायची सोय कौशल्य विकासाच्या योजनांमधे आहे, आरपीएल म्हणतात तिला. आपल्या भागातल्या जवळच्या केंद्रात चौकशी करा. ज्याच्याकडं स्वतःचा कागद आहे तो पोरांसमोर वेगळ्या ताठपणानं उभा राहतो.

काय शिकवायचं

आमचा क्रम असा, पहिला महिना साखर, दुसरा दूध-खवा, तिसरा बेसन-तूप-तळण, चौथा गोळ्या-गाठी-चिक्की, पॅकिंग आणि हिशोब.

साखर पहिली घ्या कारण तिथं चूक लगेच दिसते आणि स्वस्तात पडते. गोळीबंद पाक साधारण ११२ ते ११६ डिग्रीला, कडक गोळी १२१ ते १३० ला, थंड पाण्यात टाकल्यावर काचेसारखा तडकणारा पाक १४६ ते १५४ ला आणि १६० च्या पुढं रंग धरून कॅरॅमल, हे आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. पण त्याआधी मीटर तपासायला शिकवा. पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात, लातूर-धाराशिवकडं आपण साधारण सहाशे मीटर उंचावर आहोत, इथं पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपासच उकळतं. म्हणून रोज सकाळी मीटर उकळत्या पाण्यात धरायचा, जेवढा फरक येईल तेवढा भिंतीवरच्या आकड्यातनं वजा करायचा. हे माहीत नव्हतं तेव्हा आमची चिक्की पहिल्या आठवड्यात सारखी करपत होती आणि आम्ही गुळाला दोष देत होतो.

मग एकाच साखरेचे दोन पदार्थ समोरासमोर करून दाखवा, पाडव्याची गाठी आणि लिमलेटची गोळी. गाठीत साखरेला मुद्दाम दाणा धरायला लावायचा, म्हणून ती पांढरी आणि ठिसूळ. लिमलेटमधे दाणा धरू द्यायचा नाही, म्हणून ती काचेसारखी. दाणा अडवायचा कसा, तर लिंबाच्या आंबटपणानं साखर थोडी फुटते आणि तिचे कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत, नाहीतर लिक्विड ग्लुकोज घालायचं, ते मक्याच्या स्टार्चपासनं बनतं आणि तेच काम करतं. हे एकदा डोळ्यानं बघितलं की पोरगं आयुष्यभर विसरत नाही, आणि संक्रांतीच्या काटेरी हलव्याला मंद आचेवर थेंब थेंब पाक घालत काटा का येतो हेही त्याला आपोआप कळतं.

खव्याचा महिना हा आपल्या शाळेचा कणा असला पाहिजे. भूम-वाशी-परंड्याकडं घराघरात भट्टी आहे, कुंथलगिरीचा पेढा तर तिथल्या जैन सिद्धक्षेत्राला येणाऱ्या यात्रेकरूंनी देशभर नेलाय, आणि कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. पण जीआयचा कागद भिंतीवर लावून खवा चांगला होत नाही. विद्यार्थ्याला हिशोब आला पाहिजे. म्हशीच्या एका लिटर दुधाचा साधारण २०० ग्रॅम खवा पडतो, म्हणजे किलोला पाच लिटर. दूध ६० रुपयांनी धरलं तर नुसत्या दुधाचेच ३०० झाले, वर जळण आणि मजुरी. मग कुणी अडीचशेनं खवा आणून देत असेल तर प्रश्न विचारायलाच पाहिजे. थोडा खवा पाण्यात उकळायचा, थंड करायचा, आयोडिनचा थेंब टाकायचा, निळा-काळा झाला की पीठ आहे. आम्ही दुसऱ्या बॅचला बाहेरून घेतलेल्या खव्यात हे वर्गातच सापडलं, वीस पोरांच्या समोर. सगळा माल परत केला, त्या आठवड्यात पेढा केला नाही. पण ती पोरं आज जिथं कामाला आहेत तिथं खवा उतरवून घ्यायच्या आधी आयोडिनची बाटली काढतात.

आपल्या भागाची फळं सोडू नका. बीडचं सीताफळ, मराठवाडा केशर आंबा, जालन्याची मोसंबी, तिघांनाही २०१६ साली जीआय मिळालाय. फक्त सीताफळाची एक खोड आहे, गर तापवला की कडवट होतो, म्हणून बर्फीत-रबडीत खवा पूर्ण निवल्यावरच गर घालायचा. आणि यात्रेचा माल, गोडीशेव, रेवडी, बत्तासे, याला कमी समजू नका, माळेगावच्या खंडोबाची यात्रा घ्या नाहीतर परळी, तुळजापूर घ्या, वर्षभर कुठं ना कुठं हा माल लागतोच आणि भांडवल फार कमी लागतं.

तळणात दोन गोष्टी पक्क्या बसवा. एक, तेल कुठवर वापरायचं याला कायद्यानं मर्यादा आहे, तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल सारखं तापून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खायचं राहत नाही, मोजायचा मीटर महाग असतो पण दोन-चार दुकानांत मिळून घेता येतो. दोन, रंग. परवानगी असलेला रंगसुद्धा मिठाईत किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि जिलबीला पिवळाधमक करणारा मेटॅनिल यलो तर खाण्याचा रंगच नाही. आमच्या शाळेत साखर पांढरी करायची रंगकाट पावडर उंबऱ्याच्या आत येत नाही, कुणी आणली तर त्या दिवशी त्याला भट्टी नाही.

बॅच कधी चालू करायची

यावर आम्ही सगळ्यात जास्त डोकं लावलं. जूनला चालू केली तर शिकणं अर्धवट असतानाच राखी, गणपती येतात आणि उस्तादांना दुकानवाले ओढून नेतात. नोव्हेंबरला चालू केली तर निम्मी पोरं ऊसतोडीला गेलेली. शेवटी ठरवलं, एप्रिलच्या शेवटाला चालू, टोळ्या परत आलेल्या असतात, दहावी-बारावीच्या परीक्षा झालेल्या असतात, दुकानांचा धंदा मंद असतो म्हणून कारागीरही मोकळे. चार महिने शाळेत, मग गणपतीच्या तोंडाला पोरं दुकानात, दिवाळीपर्यंत तिथंच पगारावर काम, दिवाळीनंतर परीक्षा. यानं होतं काय, की दसऱ्याला ऊसतोडीचा मुकादम उचल घेऊन दारात येतो तेव्हा पोरीच्या हातात तिचा स्वतःचा पगार असतो. त्या वेळी आईबाप तिला टोळीबरोबर न्यायचं टाळू शकतात. हे आमच्याकडं आतापर्यंत सात घरांत झालं.

मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत भट्टी लावायची तर वेळ पहाटेचा ठेवा. आमची भट्टी पाचला लागते, दहाला विझते, दुपारी हिशोब आणि वर्ग. पोरं अठराच्या पुढचीच घ्या, उकळतं तेल आणि पाक आहे समोर.

जागा, पाणी, भांडी

इमारत बांधू नका, भाड्यानं घ्या. आम्हाला बंद पडलेलं मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर मिळालं, उंच छत, ओटे, पाण्याची टाकी, धूर जायला वाट, सगळं आयतं. गावोगाव अशी कार्यालयं आहेत आणि लग्नसराई सोडली तर मालक भाडं कमी करतो.

पाण्याचं मात्र आधी बघा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे आपण कुणीच विसरलो नाही. वीस पोरं, भट्ट्या, भांडी धुणं, आम्हाला रोज दोन हजार लिटरच्या आसपास लागतं. बोअरचं पाणी असेल तर लॅबमधनं तपासून घ्या, खारट-जड पाण्यानं पाकाची चव बदलते, आणि फूड लायसन्सच्या नियमातही पिण्यायोग्य पाणी असल्याचा रिपोर्ट लागतो.

गॅस १९ किलोचा कमर्शियल सिलिंडरच, घरगुती वापरला तर गुन्हा आहे आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. सिलिंडर खोलीच्या बाहेर, जाळीत. आग विझवायचे सिलिंडर दोन, आणि ते वापरून दाखवा प्रत्येक बॅचला.

सामान पाच जणांच्या चार गटांवर धरा. चार भट्ट्या, चार जाड बुडाच्या लोखंडी कढया, खव्यासाठी दोन पितळी कल्हईच्या नाहीतर चांगल्या स्टीलच्या, झारे, उलथणी, लांब दांड्याची खुरपी, बुंदीचे वेगवेगळ्या नंबरचे झारे, गाठीचे लाकडी साचे, चार वजनकाटे, सहा थर्मामीटर (दोन फुटणारच), एक डीप फ्रीज. आम्हाला साडेचार लाखाच्या आसपास लागले, त्यातलं निम्मं सामान बंद पडलेल्या दुकानांतनं घेतलेलं. खवा आटवायचं मोठं मशीन पहिल्या वर्षी घेऊ नका. आम्ही कर्ज काढून घेतलं आणि ते सात महिने कापडाखाली होतं, कारण मशीन चालवायच्या आधी पोरांना हातानं खवा समजायला पाहिजे होता. दुसऱ्या वर्षापासनं ते उपयोगाला आलं.

कागदपत्रं

संस्था तीन प्रकारे काढता येते, धर्मादाय आयुक्तांकडं ट्रस्ट, १८६० च्या कायद्याखाली सोसायटी, त्याला किमान सात सभासद लागतात, नाहीतर कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी. गावातल्या चार-पाच दुकानदारांना बरोबर घ्यायचं असेल तर माझं मत कलम ८ ला, हिशोब दरवर्षी बाहेर येतो म्हणून भांडणं कमी. पुढं ८०जी (देणगीदाराला इन्कम टॅक्सात सवलत) आणि सीएसआर (कंपन्यांचा समाजकार्याचा पैसा) या दोन्हींची नोंदणी करून ठेवा, देणगीदार पहिलं तेच विचारतात.

पोरांनी केलेला माल विकणार असाल तर फूड लायसन्स पाहिजेच, केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्ज होतो, उलाढालीनुसार रजिस्ट्रेशन का लायसन्स ते ठरतं. दर पंचवीस हातांमागं एक फोस्टॅक, म्हणजे अन्नसुरक्षेचं ट्रेनिंग झालेला सुपरवायझर लागतो, ते ट्रेनिंग सगळ्या विद्यार्थ्यांनाच करून द्या, त्यांना दुकानात त्याचा फायदा होतो. दरवर्षी सगळ्यांची वैद्यकीय तपासणी, आणि टायफॉइडची लस तिच्या वेळापत्रकानं. सुट्या मिठाईच्या ट्रेवर किती तारखेपर्यंत खावी ते लिहायचा नियम ऑक्टोबर २०२० पासनं आलाय, शाळेच्या काउंटरवर तो काटेकोर पाळा म्हणजे सवय तिथंच लागते.

मान्यतेबद्दल नीट ऐका. शाळेला सरकारी मान्यता म्हणजे राज्याच्या कौशल्य व व्यवसाय शिक्षण मंडळाची कोर्सला मान्यता, किंवा फूड प्रोसेसिंगमधल्या कौशल्य प्रशिक्षणाची जी सेक्टर कौन्सिल आहे, फिक्सी, तिच्या कोर्सचं केंद्र होणं. दोन्हीला वेळ लागतो, जागेचे आणि शिक्षकांच्या पात्रतेचे निकष असतात. पहिल्या दोन बॅच आपल्या स्वतःच्या दाखल्यावर काढा आणि जाहिरातीत "शासनमान्य" हा शब्द चुकूनही टाकू नका. आम्हाला एक एजंट भेटला, साठ हजारात मान्यता आणून देतो म्हणाला, आम्ही दिले, कागद आला तो खोटा निघाला, पैसे गेले आणि वर पहिल्या बॅचच्या पोरांना तोंड दाखवायची लाज वाटली. अर्ज स्वतः करा, कार्यालयात स्वतः जा.

तांत्रिक सल्ल्यासाठी दूर जायला नको. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे, उदगीरला दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, दोन्ही आपल्याच मराठवाड्यात. आम्ही उस्तादांना घेऊन गेलो होतो. दोन तास मामा आणि तिथले लोक खव्याच्या दाण्यावर बोलत बसले, आम्ही नुसतं ऐकत होतो.

पैशाचं गणित

रोज वीस लिटर दूध धरलं तर बाराशे रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे ३१,२०० नुसते दुधाचे. साखर, तूप, बेसन, गॅस, उस्तादांचा पगार, भाडं, सगळं मिळून आमचा महिन्याचा खर्च दीड लाखाच्या घरात जातो. यातला तिसरा हिस्सा माल विकून निघतो, तिसरा फीमधनं आणि दुकानदारांच्या वर्गणीतनं, उरलेला देणग्यांतनं. माल विकताना "शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी केलेला" असं लिहा, भाव शेजारच्या दुकानापेक्षा पाडू नका, नाहीतर ज्यांच्याकडं पोरं कामाला पाठवायची तेच दुकानदार उलटतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

फी ठेवाच. पहिली बॅच फुकट घेतली, वीसपैकी नऊ जण दोन महिन्यांत गायब. आता पाच हजार घेतो, हप्त्यानं, ज्याला जमत नाही त्याची फी दुकानदार भरतो आणि पुढं पगारातनं न कापता सोडून देतो, तसं लिहूनच घेतो. पोराला दुकानात उचल देऊन बांधायचं नाही ही अट त्याच कागदात असते. ऊसतोडीतला बाप ज्या उचलीत अडकलाय तीच पोराच्या गळ्यात घालायला शाळा काढलेली नाही.

चार ते एकोणतीस कामगारांच्या दुकानाला अप्रेंटिस ठेवणं ऐच्छिक आहे, ठेवला आणि नॅप्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत नोंद केली तर स्टायपेंडच्या २५ टक्के, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. बऱ्याच दुकानदारांना हे माहीतच नसतं, त्यांचा फॉर्म शाळेनं भरून द्यावा.

ज्यांना स्वतःचं काढायचंय, खास करून बचत गटातल्या बायकांना, त्यांना पीएमएफएमईबद्दल सांगा, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० ला आलेली केंद्राची योजना, कर्जाला जोडून प्रकल्पाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख अनुदान. आत्ता अर्ज घेतायत का ते कृषी विभागात विचारून मगच पुढं जा.

मुली, परीक्षा आणि त्यानंतर

मुली आल्या पाहिजेत म्हणून नुसतं बोर्डावर लिहून उपयोग नाही. पहाटे पाचला भट्टी म्हणजे राहायची सोय लागते, आम्ही शाळेच्या मागचं घर भाड्यानं घेऊन एक ताई तिथं राहायला ठेवल्या, तेव्हा कुठं तिसऱ्या बॅचला आठ मुली आल्या. दुकानात पाठवताना एकटी मुलगी कधीच पाठवत नाही, दोघी एकत्र, आणि संध्याकाळी सुटायची वेळ कागदावर ठरलेली.

परीक्षा लेखी कमी, हाताची जास्त. प्रत्येकाला दोन किलो साखर, दोन किलो खवा, एक किलो बेसन मोजून द्यायचं आणि तयार माल परत मोजून घ्यायचा, वाया किती गेलं त्यावर मार्क. परीक्षक बाहेरचे दोन दुकानदार, आपले मामा नाहीत. नापास झाला तर पुढच्या बॅचबरोबर तो भाग परत, फी न घेता.

बॅच सुटली की एक रजिस्टर ठेवा, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं प्रत्येकाला फोन. कामावर आहे का, पगार वेळेवर मिळतो का, काय शिकवायला पाहिजे होतं जे शिकवलं नाही. पहिल्या बॅचनं सांगितलं की दुकानात गेल्यावर चाळीस किलोच्या घाण्याला हात थरथरला, शाळेत तर पाच किलोचाच करत होतो. तेव्हापासनं चौथ्या महिन्यात आठवड्यातनं एक दिवस मोठा घाणा लावतो. आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात मामा, मी आणि त्या वर्षीची दोन-तीन पोरं ती जुनी वही उघडून बसतो, कुणाच्या दुकानात कुठलं माप वेगळं निघालं ते विचारतो आणि पानाच्या कडेला पेन्सिलनं लिहून ठेवतो.